खुणेची गरज कुणाला?

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचे दिवस पालटले. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस मचव्यात बसून खाडीने पनवेल बंदराला यायचा आणि तिथून गाडी, घोडे, पालखी, जे परवडेल त्याने घाट चढायचा. माल तसाच यायचा, तसाच जायचा. १८५२ साली या गावाला नगरपालिका मिळाली, म्हणजे महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. गावाचा नावाजलेला धंदा होता बैलगाडीच्या चाकांचा. देशावरून उतरलेल्या गाडीवानाला पनवेलची चाके हवी असत.

चाक हे मोजमापाचे काम. आरे एका लांबीचे हवेत आणि बाहेरच्या गोलाचे पुठ्ठे एकमेकांना तंतोतंत बसायला हवेत, नाहीतर चाक लंगडते. म्हणून सुतार पुठ्ठ्याचा नमुना लाकडावर ठेवतो, त्याच्या कडेने रेघ मारतो, मग वाकस उचलतो. सरळ रेघ हवी असेल तर गेरूत भिजवलेले सूत ताणून झटकतो. आधी खूण, मग हत्यार, हा त्याचा क्रम. त्या काळच्या शिंप्याच्या कामात मात्र या पहिल्या पायरीला जवळजवळ जागाच नव्हती. कापड समोर अंथरायचे, घडी घालायची, कात्री लावायची. सुताराला नमुना लागतो आणि शिंप्याला लागत नाही, असे का, या प्रश्नाच्या मागे गेले की मराठी माणसाच्या अंगावरच्या कपड्याचा दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

उत्तराचा पहिला भाग कपड्यातच आहे. बाराबंदी, बंडी, अंगरखा, कुडते हे सगळे कपडे सपाट तुकड्यांचे. पाठीचा एक सरळ पट्टा, पुढचे दोन, बाह्या म्हणजे दोन आयत, घेर हवा असेल तिथे तिरक्या कळ्या आणि काखेत हात मोकळा फिरावा म्हणून बसवलेला चौकोनी तुकडा. यातल्या बहुतेक रेघा सरळ. सुती कापडाला जराशी चीर दिली आणि ओढले की ते धाग्याच्या रेषेत आपोआप फाटते. कुठल्याही पट्टीने आखलेल्या रेघेपेक्षा ही रेघ सरळ. मधली रेघ हवी असेल तर घडी घालून नखाने दाबायची, ती मोड शिवून होईपर्यंत टिकते. कळी कापायची असेल तर आयताला कोपऱ्यातून कोपऱ्यात घडी. माप हात, वीत, बोटे यांचे, नाहीतर गजाचे. एका गजाचे चोवीस तसू. अशा कपड्यात कुठला तुकडा कुठे जोडायचा हे लिहून ठेवायची गरज नसते, कारण सरळ बाजू सरळ बाजूलाच लागते. चुकायला फारसा वाव नाही. उरलेले तुकडेही चौकोनी, ते गोधडीत जातात.

संत नामदेव जातीने शिंपी. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यातल्या एका पदात त्यांनी आपल्या धंद्याची हत्यारे देवाच्या भक्तीला जुंपली आहेत. गज आहे, कात्री आहे, सुई आणि दोराही आहे. खुणेचे साधन नाही. एका पदावरून चौदाव्या शतकाची सगळी पेटी उघडता येत नाही हे खरे, कवी काही यादी करायला बसलेला नसतो. तरीही शिंप्याने शिंप्याच्या धंद्याचे रूपक रचताना मोजणे, कापणे, शिवणे एवढ्यातच ते पुरे व्हावे, हे सपाट तुकड्यांच्या कपड्यांशी चांगले जुळते.

चोळीची गोष्ट थोडी वेगळी. ती अंगाबरोबर बसते, तिला बाही आहे, मुंढा आहे, समोर गाठ आहे. पण इथेही निम्मे काम विणकराने आधीच करून ठेवलेले असते. गुळेदगुड्डचा खण विणतानाच एका चोळीच्या बेताने विणतात. त्याला दोन्ही कडांना काठ. काठ बाहीच्या कडेला यायला हवा आणि खालच्या घेरालाही यायला हवा, एवढे धरून चालले की कात्री कुठून कुठे जाणार हे जवळपास ठरूनच जाते. कापड स्वतःच आपल्या अंगावर खुणा घेऊन येते. चौकड्याच्या किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचेही तेच. चौकड्या मोजल्या की काम झाले.

राहिला प्रश्न मापाचा. शिंपी पुरुष, घालणारी बाई. कासाराला बाईचा हात हातात घेऊन बांगड्या भरायची मुभा समाजाने दिली होती, शिंप्याला ती नव्हती. छातीभोवती दोरी फिरवून माप घेणे ही गोष्ट अब्रूदार घरात कुणाच्या मनातही आली नसती. तेव्हा माप म्हणून जायची ती जुनी चोळी. घरातला पोर ती आणि नवा खण फडक्यात बांधून शिंप्याकडे नेऊन द्यायचा. शिंपी जुनी चोळी उलटी करून खणावर पसरायचा, शिवणीवर बोट दाबत दाबत तिचा आकार कापडावर उतरवायचा आणि कापायचा. म्हणजे नमुना होता. तो कागदाचा नव्हता आणि शिंप्याच्या मालकीचाही नव्हता. तो बाईच्या पेटीत, घामाने विरलेला, काखेत उसवून पुन्हा शिवलेला. या पद्धतीचा आयुर्दाव विलक्षण निघाला, त्याकडे नंतर येतो.

युरोपात शिंप्याला रेघेची गरज आधी पडली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जोव्हान्नी बात्तिस्ता मोरोनी या इटालियन चित्रकाराचे एका शिंप्याचे चित्र आहे, साधारण १५६५ ते १५७० च्या दरम्यानचे. शिंपी टेबलाशी उभा, हातात कात्री, समोर काळे कापड आणि त्या काळ्यावर खडूच्या पांढऱ्या रेघा. कात्री अजून चाललेली नाही. स्पेनमध्ये १५८० साली हुआन दे अल्सेगाने कापड कसे बेतावे यावर पुस्तक छापले. अमुक पन्ह्याच्या कापडातून अमुक झगा कमीत कमी वाया घालवून कसा निघेल याच्या त्यात आकृत्या आहेत. तिकडचे कपडे अंगाला घट्ट बसणारे, खांदा गोल, बाही वेगळी कापून मुंढ्यात बसवलेली. ही बसवलेली बाही म्हणजे सगळ्या खुणांची आई. बाहीचा वरचा गोल मुंढ्याच्या गोलापेक्षा थोडा मोठा असतो. तो आवळत आवळत बसवायचा, आणि बाहीचा मधला बिंदू नेमका खांद्याच्या शिवणीवर यायला हवा. पाऊण इंच इकडे तिकडे झाला की हात उचलताना अख्खा कोट वर येतो. दोन गोल एकमेकांना कुठे भेटणार हे कापडावर लिहून ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. सपाट आयतांच्या कपड्यात ही अडचण येतच नाही.

तरी तिथेही फुटपट्टीसारखी इंचांची फीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रुळलेली नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी असे. छाती कुठवर आली तिथे एक खाच, कंबर कुठवर आली तिथे दुसरी. पट्टीवर गिऱ्हाइकाचे नाव लिहून ती खिळ्याला टांगायची. आकडा नाही, फक्त खाच. इंचांची फीत आली तेव्हा कुठे एका अंगाचे माप दुसऱ्या अंगाशी ताडून पाहता आले, आणि छातीच्या मापावरून बाकीच्या शरीराचे गणित मांडणारी पुस्तके निघाली.

मुंबईत हा युरोपी कोट साहेबाच्या अंगावरून पारशांच्या, मग शेणवी-प्रभू-ब्राह्मण कारकुनांच्या अंगावर आला. खाली धोतर, वर लांब कोट, खांद्यावर उपरणे, डोक्यावर पगडी: एकाच माणसावर शिवलेले आणि न शिवलेले यांची अशी फाळणी. हा कोट शिवायला शिंप्याने शिकायचे कुठे? शाळा नव्हती. त्याने जुन्या चोळीचीच रीत कोटाला लावली. साहेब जुना कोट द्यायचा, शिंपी व्हरांड्यात बसून त्याबरहुकूम नवा करायचा. गोऱ्या मडमांच्या बैठकीत एक किस्सा फार चाले, की शिंप्याला नमुन्याचा कपडा दिला, त्याला ठिगळ होते, तर पठ्ठ्याने नव्या कपड्यालाही तस्सेच ठिगळ लावून आणले. हाच किस्सा चिनी शिंप्यांच्या नावावरही खपवतात, तेव्हा तो खरा किती आणि हसण्यासाठी रचलेला किती हे वाचकानेच ठरवावे. मला त्यात वेगळेच दिसते. कपडा न उसवता, शिवणीवरून बोट फिरवून, आतल्या तुकड्यांचे आकार ओळखून ते सपाट कापडावर मांडणे ही मोठी कठीण विद्या आहे. ठिगळावर हसणाऱ्यांपैकी एकीला तरी ती जमली असती का, शंका आहे.

मग १८६३ साल. त्या एप्रिलमध्ये बोरघाटातली आगगाडी सुरू झाली. मुंबईचा माणूस कल्याण-कर्जतवरून थेट पुण्याला जाऊ लागला आणि पनवेलच्या बंदरावरची वर्दळ ओसरली. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग नावाच्या गावी एबेनेझर बटरिक या शिंप्याने पातळ कागदाचे कापलेले नमुने विकायला काढले. आधी पुरुषांचे आणि मुलांचे, मग दोन-तीन वर्षांत बायकांचे. नवी गोष्ट कागद नव्हती, मापे होती. एकाच कपड्याचे लहानापासून मोठ्यापर्यंत वेगवेगळ्या मापांचे नमुने, घडी घालून पाकिटात. अमेरिकेतली शेतकरणीसुद्धा टपालाने पाकीट मागवून न्यूयॉर्कच्या धाटणीचा झगा घरी शिवू लागली. शिवणयंत्र एव्हाना घराघरांत चालले होते. इलायस हाऊला त्याचे पेटंट १८४६ साली मिळाले, आयझॅक सिंगरला १८५१ साली.

या पाकिटातल्या कागदांवर एक अक्षरही छापलेले नसे, हे आज सांगितले तर खोटे वाटते. कागद फक्त आकारात कापलेला, कडेला खाचा आणि मधे भोके. मोठे गोल भोक म्हणजे एक सूचना, लहान भोकांची ओळ म्हणजे दुसरी. भोकातून खडू टेकवायचा किंवा सुईने दोरा ओवून कापडात सैल टाका ठेवायचा. कपड्याचा सगळा मजकूर भोकांत लिहिलेला. छापील रेघांचे नमुने मॅकॉल कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर आणले, तोवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ बायका ही भोके वाचत होत्या.

भोकांतून नक्षी उतरवणे आपल्याकडे नवे नव्हते. जरदोजीचा कारागीर कागदावर नक्षी काढून तिच्यावर सुईने बारीक भोके पाडतो, त्याला खाका म्हणतात. तो कापडावर ठेवून वरून पूड किंवा रॉकेलात कालवलेला रंग फडक्याने फिरवला की खाली ठिपक्यांची नक्षी उमटते. दारातल्या रांगोळीचे पत्र्याचे छापही याच तत्त्वावर. पण हे सगळे शोभेसाठी. कपडा कापायला भोकांचा कागद वापरावा असे इथे कुणाला सुचले नाही, आणि बटरिकचे पाकीट मुंबईच्या दुकानांतल्या मडमांच्या पलीकडे फारसे सरकले नाही.

का नाही सरकले, याचे कारण मागासलेपणात शोधू नये. पाकिटातला नमुना कुणासाठी असतो? ज्या बाईला शिवायला वेळ आहे, जिच्याकडे यंत्र आहे आणि जिच्या गावात शिंपी महाग आहे, तिच्यासाठी. महाराष्ट्रात उलट होते. शिंपी गल्लीत बसलेला, त्याची मजुरी स्वस्त, आणि बाईची चोळी हाच तिचा तंतोतंत मापाचा नमुना. छत्तीस छातीचा सर्वसाधारण कागद तिला कशाला? यंत्र मात्र आले. सिंगर कंपनीने १८७० च्या दशकात हिंदुस्थानात पाय रोवले ते नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाच्या जोरावर, आणि यंत्र आधी गेले ते घरात नाही, शिंप्याच्या दुकानात. पुढे १९२४ साली गांधीजींनी यंत्रांना विरोध करताना एकट्या सिंगरच्या यंत्राला सूट दिली आणि त्यामागे बायकोचे कष्ट कमी करायचे प्रेम होते असे सांगितले. प्रेम असेलही. पण कोकणातल्या गावागावांत ते यंत्र चालवत होता तो शिंपी, आणि त्याला प्रेमापेक्षा हप्त्याची काळजी अधिक असावी.

खुणेची खरी गरज पडली ती वेगळ्याच माणसांना. ज्यांच्या घरात शिंपीपणा नव्हता, ज्यांनी बापाच्या बाजूला बसून दहा वर्षे कात्री पाहिली नव्हती, त्यांना. म्हणजे बायकांना. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ पासून मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८२७ मध्ये मिस सिंथिया फरार मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला गेल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत अक्षरओळखीबरोबर सुईकाम असेच. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले, पुढे दुष्काळातल्या अनाथ बायकामुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे केले. तिथे शिवण, विणकाम, छपाई हे पोटापाण्याचे उद्योग होते. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या वर्गांत शिवणाला मानाची जागा मिळाली. विधवा, परित्यक्ता, थोड्या शिकलेल्या गरजू बायका इथे येत. त्यांना दोन वर्षांत हुन्नर हातात द्यायचा होता. शिंप्याच्या पोराला जे डोळ्यांनी आणि मारानेही येत होते ते यांना फळ्यावर, आकृतीत, आकड्यांत सांगावे लागले. कागद आला तो या दाराने.

स्वातंत्र्यानंतर हे दार सताड उघडले. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली, १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आले, आणि तालुक्याच्या गावी महिला मंडळ म्हटले की दोन शिवणयंत्रे आणि एक शिक्षिका हे समीकरण झाले. जय इंजिनिअरिंगचे देशी बनावटीचे उषा यंत्र हुंड्याच्या यादीतही जाऊन बसले. आयटीआयमध्ये कटिंग अँड स्युइंग हा अभ्यासक्रम आला. आणि दादर हे या विद्येचे मोठे केंद्र झाले. के. आर. झारापकर यांची कापण्याची पद्धत त्यांच्या टेलरिंग कॉलेजातून आणि पुस्तकातून घरोघरी गेली. जुवेकरांचे इझी कटिंगही शिवणाच्या वर्गांत तितकेच ओळखीचे. तळकोकणातली आडनावे दादरला आली आणि त्यांनी मराठी बायकांना भूमिती शिकवली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

भूमितीच ती. छाती छत्तीस, तिचा चौथा भाग नऊ, त्यात सैलसरपणासाठी थोडे अधिक. छातीचा बारावा भाग तीन, ती गळ्याची रुंदी. एल आकाराची पट्टी लावून खाकी कागदावर शून्यापासून एकपर्यंत, एकपासून दोनपर्यंत रेघा. वहीत त्याच आकृत्या पाव मापात, रंगीत पेन्सिलीने. पुढची बाजू एका रंगात, मागची दुसऱ्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत माळ्यावर अशी एक वही अजून सापडेल, आणि तिच्यातले अक्षर त्या घरातल्या बाईच्या इतर कुठल्याही लिखाणापेक्षा सुबक असेल.

याच काळात ब्लाउजने चोळीची जागा घेतली होती. मधे पोलके, झंपर येऊन गेले. आणि मग कटोरी ब्लाउज. माझ्या मते खुणा उतरवण्याची जी काही कला मराठी शिवणात आहे, तिची परीक्षा हा एकच कपडा घेतो. समोरची एक बाजू तीन तुकड्यांची: गोल कटोरी, तिच्या शेजारून मुंढ्याकडे जाणारा बाजूचा तुकडा आणि खाली पट्टी. त्यात टक्स. सगळे टक्स एका बिंदूकडे येतात आणि तो बिंदू छातीच्या उंचवट्यावर असावा लागतो. वर सरकला तर ब्लाउज चढतो, खाली गेला तर बाई वयाने मोठी दिसते, आत किंवा बाहेर गेला तर टोक निघते आणि मग त्यावर पदर कितीही ओढला तरी उपयोग नसतो. आणि हा बिंदू दोन्ही बाजूंना सारखा हवा. माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात, पण ब्लाउजच्या असाव्या लागतात.

तर कागदावरचा हा बिंदू कापडावर न्यायचा कसा? वर्गात शिकवतात ती रीत कार्बनची. कापड उलट्या बाजूने दुहेरी, मधे कार्बन, वर खाकी कागद, आणि त्यावरून दात्यांचे चाक फिरवायचे. चाकाच्या दातांनी ठिपके उमटतात, दोन्ही थरांवर एकदमच. टेबलावर चादर दुमडून घालायची, नाहीतर टेबलालाही भोके पडतात. सुती कापडावर हे झकास. रेशमी कापडावर चाक फिरवले की धागा सरकतो, आणि फिक्या कापडावर निळा कार्बन वापरला तर धुतल्यावरही सावली राहते. तिथे सुई-दोऱ्याची रीत. दुहेरी दोरा, गाठ न मारता, खुणेच्या जागी दोन्ही थरांतून एक सैल टाका घ्यायचा, दोऱ्याचा वेढा मोकळा ठेवायचा. मग थर हळूच वेगळे करून मधला दोरा कापायचा. दोन्ही तुकड्यांवर दोऱ्याच्या मिशा राहतात, कापडाला डाग नाही. वेळ खाणारी रीत आहे. लग्नाच्या शालूच्या ब्लाउजला ती शोभते, रोजच्या वापराच्या रुबियाला कोण करत बसतो?

धंद्यातला शिंपी यातले काही करत नाही. त्याची रीत थापेची. एका तुकड्याच्या उलट्या बाजूवर खडूने टक्स काढायचा, दुसरा तुकडा त्यावर बरोबर कडेला कड लावून पालथा घालायचा आणि तळहाताने एक थाप. खडूची भुकटी दुसऱ्यावर उमटते, फिकी पण पुरेशी, आणि आरशासारखी उलटी, म्हणजे हवी तशीच. त्या फिक्या रेघेवरून पुन्हा खडू फिरवला की झाले. बाहीच्या मध्यावर आणि मुंढ्यात कात्रीच्या टोकाने एवढासा कट. कट खोल गेला तर शिवणीत सुटतो, म्हणून हात हलका हवा. एवढ्यात त्याचे सगळे लिहून होते. घरच्या बायकांनी यात आपली भर घातली: अंघोळीच्या साबणाची झिजून पातळ झालेली वडी. गडद कापडावर तिची रेघ बारीक आणि स्वच्छ येते, आणि धुतल्यावर जाते, साबणच तो. बाजारात विकत मिळणारा मेणट खडू त्याच्यापुढे फिका पडतो, कारण मेण इस्त्रीखाली वितळून कापडात शिरते.

साठच्या दशकात टेरिलीन, टेरिकॉट आले तेव्हा कापडाकापडातला फरक अंगावर आला. हे कापड धाग्याच्या रेषेत फाटत नाही, नखाची घडी धरत नाही आणि त्याच्यावर खडू घसरतो. शिंप्याची सपाट कपड्यांच्या जमान्यातली सगळी साधने एका फटक्यात निकामी झाली. शर्ट-पँटवाल्या शिंप्यांच्या दुकानात पुठ्ठ्याचे नमुने भिंतीला टांगलेले दिसू लागले, कॉलरचे, खिशाचे, पट्ट्याचे. अंग मापाने बेतायचे आणि कॉलर मात्र पुठ्ठ्याने, कारण कॉलरची दोन टोके सारखी नसतील तर गिऱ्हाईक आरशातच पकडते.

तयार कपड्यांच्या कारखान्यांनी तर माणसाचे मापच सोडून दिले. तिथे थरांवर थर अंथरून वर सगळ्या तुकड्यांची मांडणी छापलेला लांब कागद ठेवतात, पट्टीच्या यंत्राने सगळे थर एकदम कापतात, खिशाच्या जागी बारीक भोक पाडतात. बटरिकची भोके इथे कापडातच आली. जोसेफ गर्बर यांचे संगणकाने चालणारे कापणीयंत्र १९६९ साली बाजारात आले आणि रेघ मारायची पायरीच गळली. खाच तेवढी राहिली, कारण बाही मुंढ्यात बसवायला शेवटी माणसाचाच हात लागतो. दुसरीकडे जर्मनीत एने बुर्डा यांनी १९५० मध्ये काढलेल्या मासिकाबरोबर लवकरच नमुन्यांचे कागद येऊ लागले. एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या. आपली कुठली ती शोधून चाकाने उतरवून घ्यायची. युरोपातल्या बायकांनी तो गुंता आवडीने सोडवला. आपल्याकडे तो कागद उघडून पाहिलेली बाई बहुधा म्हणाली असती, त्यापेक्षा शेजारणीचा ब्लाउज आणते.

आणि तेच होते आहे. पनवेलला साठच्या दशकात आगगाडी आली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर नवीन पनवेल वसले, २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. टपाल नाक्याच्या बाजूला किंवा लाईन आळीत ब्लाउज शिवून देणाऱ्या टेलरकडे आज उभे राहिले तर गिऱ्हाईक पिशवीतून कापड आणि अस्तर काढते आणि त्यावर ठेवते एक जुना ब्लाउज. टेलर आता बरेचदा बाईच असते, तिच्या गळ्यात फीत लटकते आहे, माप घ्यायला कसली अडचण नाही. तरी ती मापाचा ब्लाउज मागते. घेतलेले माप अंगाचे असते. जुना ब्लाउज मात्र या बाईला कपडा कसा आवडतो ते सांगतो. गळा किती खोल चालतो, बाही दंडाला किती घट्ट, काखेत कुठे काचले होते. पूर्वी अंगाला हात लावायचा नाही म्हणून पडलेली रीत हात लावता येऊ लागल्यावरही टिकली, ती या कारणाने.

मग ती नव्या ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच कापड आत सोडते आणि त्यात एकाशेजारी एक दोन-तीन टिपा मारते. बाळंतपणानंतर पहिली उसवायची, चाळिशीत दुसरी. कुठवर उसवायचे हे विचारायला टेलरकडे जावे लागत नाही, टिपा आत मारलेल्याच असतात.